झटका मशीनचं सर्किट कशात काढावं?

हिंगणघाट

चि. छोटू यास,


तुझा मेसेज मिळाला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कुंपणाचं झटका मशीन घेतलंस, फार बरं केलंस. बोरच्या जंगलाकडच्या शिवारात रानडुकरं आणि रोही एका रात्रीत पिकाचं काय करतात, ते तुला सांगायला नको. सर्किट काढायला मित्र एका महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली कॉपी देतोय म्हणतोस. ती घेऊ नकोस. ती चोरी आहेच, वर व्हायरसची भीती. आणि उद्या स्वतःचं वर्कशॉप टाकलंस, तर त्याच फाइली उघडायला पुन्हा चोरीच करावी लागेल.

फुकट मिळणारं सगळं मात्र सारखं नसतं. सर्किट काढायच्या ईगल या सॉफ्टवेअरचंच बघ. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्याच्यावर हात बसवला. फुकटच्या आवृत्तीत दोन शीट आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड एवढंच चालायचं, तरी शिकणाऱ्याला ते पुरायचं. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं आणि २०२३ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेवटची तारीख दिली ७ जून २०२६. ज्यांची वर्षानुवर्षांची ड्रॉइंगं त्यात होती, त्यांना ती दुसरीकडे हलवायची धावपळ करावी लागली. इझीईडीए हे दुसरं सॉफ्टवेअर हाताळायला सोपं आहे, पण ते मुख्यतः ब्राउझरमध्ये चालतं. गावाकडे लाइन गेली की टॉवरही जातो आणि ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री तू अडकशील.

म्हणून माझं मत सरळ आहे: किकॅड घे. ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास या प्राध्यापकांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं, पुढे सर्नसारख्या संशोधन संस्थेने त्यात हातभार लावला. त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. शीट किती, बोर्ड केवढा, याला फुकट-विकतची मर्यादा नाही. त्याची फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्येही वाचता येते. एखाद्या कंपनीने दुकान बंद केलं म्हणून तुझं ड्रॉइंग अडकणार नाही. माझ्या लेखी ही गोष्ट किमतीपेक्षा मोठी आहे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटींत किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, हे तर होतंच. पण खेड्यातल्या झोपडीत तो चालला पाहिजे आणि वीस वर्षं टिकला पाहिजे, हेही होतं. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, पण अवजार कसं पारखावं ते त्या अटींतून आजही शिकता येतं.

आता कामाचं सांगतो. सेटअप बराच मोठा आहे, कॉलेजच्या वायफायवरून उतरवून पेन ड्राइव्हवर घे. लॅपटॉप जुना असेल तर इन्स्टॉल करताना थ्रीडी मॉडेल्सची खूण काढून टाक. पार्टनरच्या आणि तुझ्या लॅपटॉपवर आवृत्ती एकच ठेवा. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

स्कीमॅटिकमध्ये ए दाबून सिम्बॉल आण, डब्ल्यू दाबून वायर ओढ, आर दाबून फिरव. दोन वायरी एकमेकींवरून गेल्या म्हणजे जोडल्या असं नाही. ठिपका दिसला तरच जोड आहे. ५५५ टायमर, एससीआर, कपॅसिटर लायब्ररीत मिळतील. पल्स ट्रान्सफॉर्मरला साधा ट्रान्सफॉर्मरचा सिम्बॉल घे आणि बाजूला वेढ्यांची संख्या लिही. मग ईआरसी, म्हणजे जोडणीतल्या चुका शोधणारी तपासणी, चालव. बॅटरीचे बारा व्होल्ट तू साध्या कनेक्टरवरून आणले असशील, तर ५५५ च्या सप्लाय पिनवर लाल खूण येईल. घाबरू नकोस. वीज कुठून येते ते त्या प्रोग्रामला कळलेलं नसतं. प्लस आणि ग्राउंड दोन्ही लाइनींवर पॉवर फ्लॅग लाव, खूण जाईल. बाकीच्या चुका मात्र एकेक करून वाच, डोळे झाकून पुढे जाऊ नकोस. न जोडलेली पिन तिथेच सापडते; बोर्ड बनून आल्यावर सापडली तर पैसे गेले.

पल्स किती वेळाने येते हे आधी बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर वापर. किकॅड आणि एनजीस्पाइस हा सिम्युलेटर यांच्यावरच ते उभं आहे, २०१३ मध्ये त्याचं नाव ऑस्कॅड होतं. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलवर किकॅडचे पाठ आहेत. अनेक विषयांचे पाठ मराठीतही आहेत. किकॅडचे पाठ जुन्या आवृत्तीचे असल्याने बटणं इकडेतिकडे दिसतील, पण रीत तीच. एलटीस्पाइसही फुकट आणि सिम्युलेशनला उत्तम आहे, पण त्यात बोर्ड काढता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्क्रीनवर सगळं बरोबर आलं तरी त्या कपॅसिटरवर काहीशे व्होल्ट आणि कुंपणावर हजारो व्होल्ट असतात. चार्ज उतरवल्याशिवाय बोर्डला हात लावू नकोस. आणि कुंपणाची तार थेट घरच्या लाइनला जोडायचा विचार कुणी बोलून दाखवला, तर तिथेच थांबव. त्याने माणसं मरतात.

रविवारपर्यंत ईआरसीत एकही चूक न उरलेलं स्कीमॅटिक पीडीएफ करून पाठव. मी तपासून दिल्यावरच बोर्डला हात घाल.

तुझा,
मामा