कान्होपात्रेचे झाड आणि आपण

सज्जनहो, दोन वर्षांमागच्या आषाढी वारीतली गोष्ट. आमच्या दिंडीच्या मुक्कामी कीर्तनास एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. उमेदीत त्यांनी तमाशाच्या फडात नाचून पोट भरलेले. कोणी ओळखले, कुजबूज झाली, आणि एका जाणत्याने त्यांस "बाई, जरा मंडपाबाहेर बसा" म्हणून सुचविले. बाई निमूट उठल्या. आम्ही तेथेच होतो आणि गप्प राहिलो, हेही सांगितले पाहिजे.

पंढरीस पोचल्यावर त्याच जाणत्यांनी देवळातल्या तरटीच्या झाडापुढे माथा टेकला. अहो, ते झाड कोणाचे? कान्होपात्रेचे! मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ही लेक. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायीच देह ठेवला, असे परंपरा सांगते. तिचे अभंग आपण कीर्तनात घेतो, आणि तिच्याच घरच्या कलेवर जगलेली बाई मात्र मंडपात चालत नाही!

पैठणच्या नाथमहाराजांना असा विटाळ वाटला नाही. गोंधळी, वासुदेव, दारोदार फिरणारा जोशी, या सर्वांची सोंगे त्यांनी भारुडात घेतली नि त्यांच्या तोंडून परमार्थ वदविला. आजही भारुडात गडी लुगडे नेसून नाचतो, तेव्हा आपण माना डोलावतोच ना? होनाजी बाळा लावणीचा शाहीर, पण त्याची भूपाळी पहाटे सोवळ्या घरांतूनही म्हणतात. सोलापूरचा राम जोशी तर फडावरून कीर्तनात आला. येताना त्याने आपली जीभ काही फडात ठेवली नाही!

फडात सारेच निर्मळ असते असे आमचे म्हणणे नाही. दौलतजादा, दारू यांनी पुष्कळ घरे बुडाली. पण पैसे उधळणारा गावात पाटीलकी मिरवतो आणि बोल नाचणारीलाच, हा कुठला न्याय? विठाबाई नारायणगावकरांचा जन्म १९३५ साली पंढरपुरातच झाला. २००२ साली त्या गेल्या, त्या हलाखीत. पुढे सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला. गेल्यावर सत्कार करायला आपल्याकडे कोणाचीच हरकत नसते.

गेल्या वारीत त्याच मुक्कामी आम्ही त्या बाईंची चौकशी केली. घर कोणी नीट सांगेना. एका पोराबरोबर निरोप धाडला, टाळकऱ्यांमागे सतरंजीवर जागाही धरून ठेवली. कीर्तन संपेतो बाई आल्या नाहीत.