पेटींतलें जग आणि हातांतला रिमोट



गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गांतील एका मुलानें स्मार्टफोनवर आभासी जग दाखविणारी पेटी व तिच्या जोडीचा बिनतारी रिमोट शाळेंत आणिला. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडून त्याच्या आईनें जें मिळविलें होतें, त्यांतून ही खरेदी झाली होती. पेटींत फोन बसविला, चित्र दिसलें, परंतु मान वळविली तरी चित्र वळेना, आणि रिमोटचीं बटनें दाबलीं तरी खेळ जागचा हलेना. "सर, माझ्या मायचे पैसे बुडाले का?" असें त्यानें विचारिलें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें कळलें, तें येथें सांगत आहें.

प्रथम पेटीचा विचार करूं. आपले दोन डोळे एकच वस्तु किंचित् निरनिराळ्या जागांवरून पाहतात, व मेंदू त्या दोन चित्रांचा मेळ घालून खोली जाणतो. सन १८३८ मध्यें चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें हें तत्त्व दाखविणाऱ्या स्टिरिओस्कोप यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच तत्त्वावर गूगल कंपनीनें २०१४ मध्यें पुठ्ठा व दोन भिंगें यांची 'कार्डबोर्ड' पेटी पुढें आणिली. तिची विक्री २०२१ मध्यें थांबली. आपल्याकडे जिओ कंपनीनें २०२३ मध्यें क्रिकेटचे सामने पाहण्यासाठीं 'जिओडाइव्ह' ही पेटी १,२९९ रुपयांस विक्रीस काढिली. अशा स्वस्त पेट्यांत भिंगांखेरीज फारसें कांहीं नसतें. बुद्धि सारी फोनची असते.

मग चित्र वळतें कशानें? फोन आडवा धरतांच पडद्यावरील मजकूर आडवा होतो, तो त्वरणमापकामुळें. परंतु मान कोणत्या दिशेस व किती वेगानें वळली, हें नीट सांगणारें साधन निराळें. त्यास जायरोस्कोप म्हणतात. पुष्कळ स्वस्त फोनांत तें घातलेलें नसतें. आमच्या विद्यार्थ्याच्या फोनांतही तें नव्हतें.

आतां रिमोट. सन १८९५ मध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यांत तारेवांचून विद्युत्‌लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली. रिमोटचें कामही त्याच जातीचें आहे. बटन दाबतांच तो ब्लूटूथच्या लहरींवरून एक लहानसा संकेत फोनाकडे धाडतो, आणि आपणांस माऊस किंवा खेळाची कळ जोडली आहे असें फोन समजतो. म्हणजे रिमोट हा केवळ निरोप्या होय. निरोप पोंचला तरी ऐकणाऱ्यास ती भाषा समजली पाहिजे. जो खेळ रिमोटसाठीं रचलेला नाहीं, तो स्वस्थच राहतो. शिवाय साध्या रिमोटास आपला हात कोठें आहे हें मुळींच कळत नाहीं. गूगलच्या 'डेड्रीम' पेटीसोबत २०१६ मध्यें आलेल्या रिमोटांत स्वतंत्र जायरोस्कोप होता, म्हणून तो छडीसारखा रोखतां येई; ती पेटीही २०१९ मध्यें बंद झाली.

म्हणून खरेदीपूर्वीं व खरेदीनंतर पुढील तीन कसोट्या क्रमानें घ्याव्या. त्यांस निराळा खर्च नाहीं.

पहिली : यूट्यूबवर ३६० अंशांचें एखादें चित्रण लावून फोन सभोंवार फिरवावा. चित्र त्याबरोबर फिरलें तर जायरोस्कोप आहे. केवळ बोटानें ओढल्यावर फिरलें तर तो बहुधा नाहीं, आणि मग पेटी घेऊं नये.

दुसरी : रिमोट ब्लूटूथनें जोडून, फोन पेटींत न घालतां, बटनें दाबून पाहावीं. पडद्यावर बाण हलला तर रिमोट शाबूत आहे.

तिसरी : तरीही खेळ चालेना, तर रिमोटची चाल बदलावी. माऊस, खेळ व संगीत यांसाठीं पुष्कळ रिमोटांत निरनिराळ्या चाली असतात. त्यानेंही काम न झाल्यास तो खेळ रिमोटची भाषा जाणत नाहीं, असें समजावें.

आम्ही त्या मुलाच्या पेटींत माझा फोन बसविला. मान वळतांच चित्र वळलें. रिमोटची चाल बदलतांच दुसरा एक खेळही चालूं लागला. पेटी निर्दोष होती, रिमोटही निर्दोष होता. फोन तेवढा आधीं पाहावयाचा राहिला होता. पुढें त्याच्या मामांचा फोन पहिल्या कसोटीस उतरला, आणि ते घरीं आले कीं ती पेटी उघडली जाते. पैसे अगदींच बुडाले नाहींत. पण ते रोज उपयोगीं पडत नाहींत, हेंही खरें.

पालकांस विनंती एवढीच कीं, मुलानें अशी वस्तु मागितल्यास लगेच "हो" किंवा "नाहीं" म्हणूं नये. "अगोदर आपला फोन तपासून दाखव," असें सांगावें. आणि मुलांनो, घामाचा पैसा खर्चण्यापूर्वीं एक कसोटी घेणें हाही विज्ञानाचाच धडा आहे.