चोळणारे हात, शेक आणि गारवा

आरोग्यपाठ
शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७



या तिमाहीचा पाठ अंग चोळण्याविषयी आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर आपल्या आरोग्यसख्या जातात, तेव्हा गोळ्यांच्या खालोखाल मागणी असते ती चोळून देण्याची. नंदुरबार जिल्ह्यातली बरीच भिल्ल आणि पावरा कुटुंबे पावसाळा संपला की ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. दिवसभर वाकून तोडणी करायची आणि उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. हंगाम संपवून माणसे घरी येतात, तेव्हा कंबर, मान आणि खांदे लाकडासारखे ताठ झालेले असतात. अशा वेळी चोळणाऱ्या हातांना शेक आणि गारवा यांची जोड मिळाली तर गुण लवकर येतो. मात्र चुकीच्या जागी दिलेला शेक किंवा गारवा माणसाला दवाखान्यात पोहोचवू शकतो. म्हणून मासिक बैठकीत मी सख्यांना जे शिकवते, तेच इथे लिहीत आहे. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, तर तुम्हालाही त्याचा उपयोग होईल.

शास्त्रपाठातल्या शोमरोन्याकडे पाहा. तेल आणि द्राक्षारस त्याच्याजवळ होते, पण ते बाहेर काढण्यापूर्वी त्याने त्या जखमी माणसाला पाहिले, त्याचा कळवळा आला आणि तो जवळ गेला. याजक आणि लेवी यांनीही पाहिले होते, पण ते दुरून निघून गेले. कुठे लागले आहे हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. चोळण्याचेही तसेच आहे. तेलाच्या बाटलीला हात लावण्याआधी जवळ बसून तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : दुखणे जुने आहे की ताजे?

जुने, ताठरलेले आणि सूज नसलेले दुखणे असेल, तर आधी शेक आणि मग चोळणे. उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या भागात रक्त जास्त येते आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. गार, ताठ स्नायूवर एकदम अंगठा दाबला तर तो आणखी आखडतो. शेकलेल्या स्नायूला थोड्या जोरात आराम पडतो आणि चोळणारीचे हातही कमी थकतात.

जाड टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळावा आणि दुखऱ्या जागी ठेवावा. शेक देणारीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला जितके सुखाने सोसेल, तितकाच तो गरम असावा. टॉवेल निवला की बदलावा. सगळे मिळून १५ ते २० मिनिटे पुरेत. वाळू किंवा जाडे मीठ तव्यावर तापवून त्याची पुरचुंडी करण्याची रीत पाड्यांवर आहे, तीही चांगली. पण पुरचुंडी वरून कोमट लागली तरी आतून फार तापलेली असते, म्हणून ती एका जागी न ठेवता फिरवत राहावी. दर पाच मिनिटांनी फडके उचलून कातडी पाहावी. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावे आणि “चटका बसतो का?” असे तोंडाने विचारावे.

शेक झाला की अंग कोरडे करून मग तेल लावावे. आमच्याकडे मोहाच्या बियांचे तेल घरोघरी असते, दुसरे विकत आणण्याची गरज नाही. बाम लावलेल्या जागी शेक देऊ नये, कातडी भाजते. गरम पाण्याची रबरी पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये. ६० अंश सेल्सिअसला कातडी भाजायला पाचेक सेकंद पुरतात हे आपल्याला पटते, पण ४४ अंशांची ऊबही एकाच जागी कित्येक तास राहिली तर भाजते. झोपलेल्या माणसाला ते समजत नाही.

दुखणे ताजे असेल, म्हणजे काल-परवा पाय मुरगळला आहे, सूज आहे, हात लावला तर गरम लागते, तर पहिले दोन-तीन दिवस शेकही नाही आणि चोळणेही नाही. आत रक्त झिरपत असते. उबेने आणि चोळण्याने ते वाढते. इथे गारवा द्यावा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखण्याची जाणीव मंदावते. डोंगरातल्या पाड्यावर बर्फ कुठला? पण मडक्यातले पाणी असते. सुती फडके त्यात भिजवून ठेवावे आणि दोन-तीन मिनिटांनी बदलत राहावे. असे १० ते १५ मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ मिळालाच तर तो फडक्यात गुंडाळूनच लावावा. पाय उशीवर किंवा गोधडीच्या घडीवर उंच ठेवावा. पायावर भार टाकून चार पावलेही चालता येत नसेल, तर हाड मोडले असण्याचा संभव आहे. ओढून, चोळून पाहू नये. एक्स-रे काढायला न्यावे.

गारव्याचा आणखी एक उपयोग आहे. खोलवर चोळल्यानंतर ती जागा ठणकू लागली, तर पाच-दहा मिनिटे गार फडके ठेवावे. म्हणजे नेहमीच्या जुन्या दुखण्यात क्रम असा : शेक, चोळणे आणि गरज पडली तर शेवटी गारवा.

दुसरा प्रश्न : कातडीला समजते का?

शेक सोसतो की नाही हे सांगणारी कातडीच बधिर असेल, तर विचारून उपयोग नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांच्या तळव्यांवर असे होते.

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, आदिवासींमध्ये सेवा करणाऱ्या मिशनरी आईवडिलांच्या पोटी ते जन्मले. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडून जातात असा तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिले की रोग वेदना हिरावून नेतो आणि वेदना नसलेला हात चुलीवरचे भांडे, काटा, दगड यांनी नकळत जखमी होत राहतो. बोटे जातात ती या जखमांमुळे. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ते सांगत.

आम्ही सख्यांना एक सोपी परीक्षा शिकवतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, पेनच्या टोकाने हळूच स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. न समजणारी जागा सापडली तर तिथे शेक नाही आणि बर्फही नाही. कोमट पाण्यात पाय भिजवून, तेल लावून हलक्या हाताने चोळावे. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने पाहावे. बधिर चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते.

तिसरा प्रश्न : घरात कोणाला सिकलसेल आहे का?

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात तो बराच आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत भयंकर वेदना उठतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडथळा वाढतो. म्हणून सिकलसेलच्या दुखण्याला गारवा कधीही देऊ नये.

आश्रमशाळेतला एक मुलगा नदीत डुंबून घरी आला आणि रात्री मांड्या व पाठ धरून ओरडू लागला. घरच्यांना वाटले, उडी मारताना मार लागला. त्याला गार पट्ट्या ठेवून सकाळी चोळून घ्यायचे ठरत होते. आमची सखी शेजारीच राहते. तिने तिसरा प्रश्न विचारला. त्याच्या मोठ्या बहिणीकडे सिकलसेलचे कार्ड होते. सखीने गार पट्ट्या काढायला लावल्या, मुलाला गोधडीत गुंडाळले, भरपूर पाणी पाजले, पाठीला हलका कोमट टॉवेल लावला आणि पहाटेच्या जीपने त्याला रुग्णालयात नेले. तपासणीत त्यालाही सिकलसेल निघाला. आता तो रोज औषध घेतो आणि शाळेत जातो. देवाची स्तुती असो.

लहान बाळांत ही खूण आणखी फसवी असते. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हाताचे किंवा पायाचे पंजे अचानक सुजले, तर तो मुका मार समजून चोळत बसू नये. सिकलसेलची ती पहिली खूण असू शकते. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ऊब आणि चटका

आता थोडे अवघड बोलते. आजारी बाळाच्या पोटावर किंवा छातीवर तापलेल्या लोखंडाने डागण्याची रीत अजून पूर्णपणे गेलेली नाही. बाळ धापा टाकते, पोट फुगते, दवाखाना लांब असतो आणि काहीतरी करायलाच हवे असे आईला वाटते. ती हे मायेपोटी करते. तिला रागावून काहीच साधत नाही. शेकाने दुखणे हटते हे तिने आयुष्यभर पाहिलेले असते आणि मोठे दुखणे मोठ्या चटक्याने जाईल अशी तिची समजूत असते. पण डागण्याने छातीतला न्यूमोनिया जात नाही. वर जखम होते, ती चिघळते आणि दवाखान्यात जाण्याची वेळ टळते.

म्हणून सखी तिला दोन गोष्टी दाखवते. पहिली, बाळाला हवी ती ऊब आईच्या अंगाची. बाळाला उघड्या छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळायचे. दुसरी, श्वास मोजायचा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच निघायचे. छातीशी धरूनच निघायचे.

कुठे मुळीच चोळू नये

अंगात ताप असताना, उघड्या जखमेवर किंवा गाठीवर, गरोदर बाईच्या पोटावर, आणि एकच पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल तर तिथे चोळू नये. त्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. या ठिकाणी शेकही नको. डॉक्टरांना दाखवावे.

मननासाठी

१. शोमरोनी जवळ गेला नसता, तर त्याच्या तेलाचा काय उपयोग झाला असता?
२. आपल्या मंडळीत कोणाचे दुखणे आपण न विचारताच ठरवून टाकतो?

प्रार्थना विषय

• ऊसतोडीहून परतणाऱ्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी.
• रात्री-अपरात्री बोलावणे येणाऱ्या आरोग्यसख्यांच्या सुरक्षेसाठी.
• सिकलसेल असलेल्या मुलांसाठी. येणारी थंडी त्यांना सुखाची जावो.
• आजारी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आयांना वेळेवर वाहन मिळावे म्हणून.

ज्यांना शक्य आहे त्यांनी घरातले जुने, स्वच्छ, जाड सुती टॉवेल आणि मुलांचे गरम कपडे आपल्या पाळकांकडे जमा करावेत. दोन्हींची इथे गरज आहे. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.