बसलेला गडी

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळाभर शाळांची अंगणे ओली असतात. दिवाळीनंतर तांबडी माती सुकते. मग मुले जांभ्याचे खडे वेचतात, पाणी शिंपडून जमीन चोपतात आणि चुन्याने रेषा आखतात. हिवाळ्यात प्राथमिक शाळांचे सामने भरतात. लंगडी, कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती! केंद्रात जिंकलेला संघ तालुक्याला जातो, तेथून जिल्ह्याला.

यांतील खो-खोच पाहा. मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही. बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र असे बंधन नसते. तो दोघांमधून चटकन निसटतो. अशा वेळी अतिशय चपळ मुलगाही एकटा काय करणार? गडी आपणच बाद करावा, हा मोह सोडून त्याने बसलेल्यास पाठीमागून ‘खो’ द्यावा आणि त्याच्या जागी बसावे. बसलेला गाफील असेल, तर मात्र हाती आलेला डाव जातो.

सन २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

मुलांनो, पाटीवर बसण्याची पाळी आली म्हणून खट्टू होऊ नका. कान ‘खो’कडे असू द्या. बसलेला गडीही खेळतच असतो.