सेतूच्या वाटेवर

प्रस्तावना

प्रवास करावा, समुद्र पाहावा, एखाद्या बेटावर चार दिवस राहावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु ‘पैसा कोठून आणायचा?’ या प्रश्नापाशी ही इच्छा बहुधा थांबते. बेटांवरील प्रवास ही केवळ धनिकांची हौस होय, असा समजही रूढ आहे. प्रस्तुत पाठात हा समज तपासून पाहिला आहे. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावाहून रामेश्वरच्या बेटापर्यंत, पाठीवर एकच पिशवी घेऊन, थोड्या खर्चात कसे जाता येते, याचे विवेचन येथे केले आहे. या वाटेशी मराठी भाषकांचे जुने नाते आहे. ते जाणून घेतले, म्हणजे नियोजनाचा खरा अर्थही ध्यानात येतो.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी साध्य होतील :
• अल्प खर्चातील प्रवासाचे टप्पे क्रमाने सांगता येतील.
• प्रवासखर्चाचे साधे अंदाजपत्रक तयार करता येईल.
• ऋतू, मार्ग व सुरक्षितता यांचा नियोजनाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• तंजावरच्या मराठी राजांनी चालवलेल्या छत्रांचे महत्त्व सांगता येईल.

मूळ पाठ

1. छत्रांची वाट

पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तालुक्याचे गाव आहे. तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर, तंजावरपासून सुमारे 25 किलोमीटर अंतरावर ते वसले आहे. सभोवती भाताची शेते आणि पाण्याचे कालवे आहेत. येथील एका देवालयात 108 शिवलिंगे आहेत. लंकेहून परतताना रामेश्वरी पूजा करूनही खर-दूषणांच्या वधाचे पाप आपल्या मागे येत आहे, असे रामाला वाटले आणि त्याच्या निवारणासाठी येथे ही लिंगे स्थापन झाली, अशी कथा या गावात सांगितली जाते. अशा रीतीने पापनाशम आणि रामेश्वर ही दोन स्थळे लोकमानसात फार पूर्वीपासून एका वाटेने जोडली गेली आहेत.

ती वाट पायी चालणाऱ्यांची होती. रस्त्याने हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या यात्रेकरूला रामेश्वर गाठण्यास दहा-बारा दिवस लागत. इतके दिवस अन्न आणि निवारा यांची सोय कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर तंजावरच्या मराठी राजांनी दिले होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. या घराण्यातील राजांनी रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे उभारली. छत्र म्हणजे प्रवाशाला विनामूल्य निवारा व भोजन देणारी धर्मशाळा. ‘अन्नछत्र’ या शब्दातून ही कल्पना मराठीत आजही जिवंत आहे.

तंजावरपासून दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटरवर ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते बांधले. तंजावरहून सकाळी निघालेला पांथस्थ सूर्यास्ताच्या सुमारास तेथे पोहोचत असे. एका दिवसाची चाल आणि एका रात्रीचा विसावा, असा हा हिशोब होता.

सरफोजी राजांनी 1801 साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला पाठवलेल्या पत्रात छत्रांच्या कारभाराचे वर्णन आढळते. सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळे. शिजवलेला भात ज्यांना चालत नसे, त्यांना कोरडा शिधा दिला जाई. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. नंतर घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जाई. आजारी पडलेल्या प्रवाशावर वैद्य उपचार करीत. अनाथ मुलांचा सांभाळ होई आणि त्यांना शिक्षणही मिळे. या दानधर्मामुळे आपल्या राज्यास ‘धर्मराज्य’ म्हणतात, हा आपला सर्वांत मोठा मान होय, असे राजांनी त्या पत्रात नमूद केले होते.

या व्यवस्थेचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गोष्ट लक्षात येते. अंतर, मुक्काम, अन्न, आजार आणि अडचण या पाच गोष्टींचा विचार प्रवाशाच्या वतीने आधीच कोणीतरी केलेला होता. म्हणून गरीब मनुष्यही निर्धास्तपणे घराबाहेर पडू शकत होता. आज ती छत्रे पूर्वीप्रमाणे वाटसरूंसाठी उघडी नाहीत. हा विचार आता प्रवाशाने स्वतःच करावयाचा असतो. त्यालाच नियोजन म्हणतात.

2. काळाची निवड

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे योग्य काळ निवडणे. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही हाच काळ असतो.

या काळाची उपेक्षा किती महाग पडू शकते, याची साक्ष बेटाच्या टोकाशी असलेले धनुष्कोडी देते. एकेकाळी ते गजबजलेले बंदर होते. सिलोनला जाणाऱ्या बोटी तेथून सुटत. 22 आणि 23 डिसेंबर 1964 च्या दरम्यानच्या रात्री चक्रीवादळाने समुद्राचे पाणी गावात शिरले. पांबनहून धनुष्कोडीकडे येणारी प्रवासी गाडी लाटांत सापडली आणि तिच्यातील शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. गाव उद्ध्वस्त झाले. ते राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर करण्यात आले. प्रार्थनामंदिराच्या व रेल्वे स्थानकाच्या भिंतींचे अवशेष आजही वाळूत उभे आहेत. त्या काळी वादळाची सूचना वेळेवर सर्वत्र पोहोचवण्याची साधने अपुरी होती. आज हवामान खात्याचा इशारा आकाशवाणी, दूरदर्शन व भ्रमणध्वनी यांवरून सहज मिळतो. तो मिळूनही न ऐकणे हा मात्र प्रवाशाचाच दोष ठरेल.

पापनाशमच्या परिसरातील शेतमजुराच्या दृष्टीने पाहिले, तर आणखी एक मेळ जमतो. सांबा या भातपिकाची कापणी साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत होते. कापणीची मजुरी हातात येते, शेतातील काम हलके होते आणि समुद्रही शांत झालेला असतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्च हा काळ म्हणून सोयीचा ठरतो. तथापि तै महिन्यातील अमावास्या आणि महाशिवरात्र या पर्वांना रामेश्वरी मोठी गर्दी लोटते. निवासाचे दर त्या वेळी वाढतात. केवळ बेट पाहावयाचे असेल, तर या तिथी टाळणे इष्ट होय.

3. मार्गाची माहिती

रामेश्वर हे पांबन बेटावर वसले आहे. मुख्य भूमीवरील मंडपम आणि बेटावरील पांबन यांच्यामध्ये सुमारे दोन किलोमीटर रुंदीची खाडी आहे. तिच्यावरील पहिला रेल्वेपूल 1914 साली आणि मोटारींसाठीचा पूल 1988 साली सुरू झाला. जुन्या रेल्वेपुलावरील वाहतूक सुरक्षिततेच्या कारणावरून डिसेंबर 2022 मध्ये थांबवण्यात आली. त्यानंतर गाड्या मंडपमपर्यंतच जात असत. शेजारी बांधलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन 6 एप्रिल 2025 रोजी झाले. या पुलाचा मधला भाग जहाजांना वाट देण्यासाठी सरळ वर उचलला जातो. मधल्या काळात कोणी जुन्या माहितीवर विसंबून निघाला असता, तर त्याला मंडपमला उतरून बसचा खर्च अनपेक्षितपणे करावा लागला असता. यास्तव माहिती नेहमी ताजी असावी आणि ती स्थानकावरील चौकशी खिडकीवर पडताळून घ्यावी.

पापनाशमहून रेल्वेने जाताना तंजावर, तिरुचिरापल्ली, पुदुकोट्टै, कारैक्कुडी, मानामदुरै व रामनाथपुरम या मार्गाने जाता येते. अंतर अधिक असले, तरी अनारक्षित डब्याचे भाडे थोडे असते. रात्रीची गाडी मिळाल्यास एका रात्रीच्या निवासाचा खर्चही वाचतो. बसने जाणारा प्रवासी ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै व तेथून किनाऱ्यालगतच्या रस्त्याने, म्हणजे जुन्या छत्रांच्या वाटेच्या जवळून जातो. वाटेत मल्लिपट्टिणमजवळ सरफोजी राजांनी उभारलेला ‘मनोरा’ पाहता येतो. गाव सांगतानाही काळजी घ्यावी लागते. पापनाशम नावाचे दुसरे प्रसिद्ध स्थळ तिरुनेलवेली जिल्ह्यात आहे. म्हणून परतीच्या प्रवासात ‘तंजावर जिल्ह्यातील पापनाशम’ असे स्पष्ट म्हणावे.

4. खर्चाचे अंदाजपत्रक

काळ आणि मार्ग ठरला की खर्चाचा विचार करावा. समजा, एका व्यक्तीने तीन दिवस व दोन रात्रींच्या प्रवासासाठी 3,000 रुपये जमवावयाचे ठरवले. दर आठवड्यास 300 रुपये बाजूला ठेवल्यास दहा आठवड्यांत ही रक्कम जमते. तिची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी दिले आहेत. प्रत्यक्ष दर विचारूनच ते भरावेत.

संकटनिधी : 600 रुपये
जाण्या-येण्याचे भाडे : 800 रुपये
दोन रात्रींचा निवास : 700 रुपये
तीन दिवसांचे भोजन : 600 रुपये
बेटावरील स्थानिक प्रवास : 300 रुपये
एकूण : 3,000 रुपये

येथे संकटनिधी सर्वांत आधी लिहिला आहे, हे ध्यानात ठेवावे. पुष्कळजण सर्व खर्च मांडून उरलेली रक्कम अडचणीसाठी ठेवतात; बहुधा काहीच उरत नाही. आधी काढलेली रक्कम वेगळ्या खिशात ठेवावी आणि आजार, चुकलेली गाडी किंवा वादळाचा मुक्काम यांखेरीज तिला हात लावू नये. परतीच्या भाड्याचे पैसेही असेच वेगळे असावेत. निवासासाठी यात्री निवास, मठ व धर्मशाळा यांची चौकशी आधी करावी. भोजनात इडली, भात, सांबार असे स्थानिक पदार्थ घेतल्यास खर्च आटोक्यात राहतो.

5. पाठीवरची पिशवी

पूर्वीचा यात्रेकरू खांद्यावर पडशी टाकून निघे. आजची पाठपिशवी हे तिचेच नवे रूप होय. तिचे वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाहून फारसे अधिक नसावे. सुती कपड्यांचे दोन जोड, पंचा, टोपी, पाण्याची बाटली, विजेरी, नेहमीची औषधे, क्षार-साखरेची पुडी, ओळखपत्र व त्याची छायाप्रत एवढ्या वस्तू पुरेशा असतात. हलकी पिशवी असणारा चालू शकतो आणि जो चालू शकतो, त्याचा रिक्षाचा खर्च वाचतो.

6. बेटावरील वर्तन

रामेश्वर गावापासून अरिचलमुनै हे बेटाचे टोक सुमारे 20 किलोमीटरवर आहे. 2017 पासून तेथपर्यंत पक्का रस्ता आहे. एका बाजूस बंगालच्या उपसागराचे पाणी, तर दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात. स्थानिक लोक शांत समुद्राला ‘स्त्री समुद्र’ आणि खवळलेल्या समुद्राला ‘पुरुष समुद्र’ म्हणतात. टोकाशी प्रवाह जोरदार असल्याने तेथे स्नानास उतरू नये. उन्हापासून जपावे, पिण्याचे पाणी जवळ बाळगावे व सूर्यास्तापूर्वी परतावे. मन्नारच्या आखातातील प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत. ते उचलणे वा विकत घेणे हा गुन्हा ठरतो. समुद्राची आठवण मनात आणावी, पिशवीत नव्हे.

7. समारोप

संत एकनाथांची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. ठरवलेल्या कार्यापेक्षा समोरची गरज मोठी आहे, हे त्यांनी ओळखले. चांगले नियोजनही असेच असते. ते प्रवाशाला जखडून ठेवत नाही. उलट वाटेत कोणाला मदत करण्याइतकी सवड, शक्ती व चार पैसे त्याच्यापाशी शिल्लक ठेवते. जो स्वतःचे छत्र आधी उभारतो, तोच प्रसंगी दुसऱ्यालाही त्याखाली घेऊ शकतो. काटकसर आणि कृपणता यांत हाच भेद आहे.

शब्दार्थ

पांथस्थ – वाटसरू
शिधा – न शिजवलेले धान्य व इतर सामग्री
निर्धास्तपणे – काळजी न करता
उपेक्षा – दुर्लक्ष
पर्व – पवित्र दिवस, सण
पडशी – खांद्यावर टाकण्याची दोन कप्प्यांची पिशवी
कृपणता – चिक्कूपणा

स्वाध्याय

1. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांत प्रवाशांना कोणत्या सोयी मिळत असत?
2. अंदाजपत्रकात संकटनिधी प्रथम का लिहावा? सकारण लिहा.
3. धनुष्कोडीच्या घटनेवरून प्रवाशाने कोणता बोध घ्यावा?
4. ‘काटकसर म्हणजे कृपणता नव्हे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
5. उपक्रम : आपल्या गावापासून जवळच्या एखाद्या स्थळाच्या दोन दिवसांच्या प्रवासाचे अंदाजपत्रक, स्थानकावर प्रत्यक्ष दर विचारून, तयार करा.