सहावा विषय

अंबाजोगाई

चि. भाचीस,


अकरावीला भौतिक, रसायन, जीव यांच्या जोडीला गणितही ठेवावं का, असं तू विचारलं आहेस. तुझे बाबा म्हणतात, हातचं म्हणून असू दे. त्यांची काळजी मला कळते. कोरडवाहू घरात एकाच पिकावर कुणी भरवसा ठेवत नाही. पण तुला डॉक्टरच व्हायचं असेल, तर माझं मत पक्कं आहे : गणित घेऊ नकोस.

मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा 720 गुणांची. त्यातले 360 एकट्या जीवशास्त्राचे, भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी 180. गणिताला शून्य. बारावीचं गणित मात्र रोज दीड-दोन तास मागतं, आणि तो वेळ बहुधा भौतिकच्या सरावातूनच कापला जातो. आपल्याकडची हुशार मुलं भौतिकमध्ये अडतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून विषय सोडलास तरी लॉग, त्रिकोणमिती, सदिश आणि थोडं कलन यांचा सराव ठेव. त्यांच्यावाचून भौतिकची उदाहरणं सुटत नाहीत.

गणित सोडल्यानं अभियांत्रिकीची वाट जवळपास बंद होईल, हे बाबांना स्पष्ट सांग. औषधनिर्माण आणि कृषी पदवी मात्र भौतिक-रसायन-जीव म्हणजे पीसीबी गटाच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेवर मिळतात. हातचं तेवढं पुरे.

आता इंग्रजी, मराठी आणि विज्ञानाच्या तीन विषयांनंतरचा सहावा विषय. क्रॉप सायन्स म्हणजे पीकशास्त्र 200 गुणांचं असतं. ते मराठी आणि सहावा विषय अशा दोन्ही जागा घेतं. कॉलेजात असेल तर तेच घे. शेतातल्या पोरीला ते जड नाही, आणि मराठी वाचायला तुला परीक्षा लागत नाही. फक्त टक्केवारीच्या मोहानं घेऊ नकोस. मेडिकलच्या गुणवत्ता यादीत बारावीची टक्केवारी धरत नाहीत. पीसीबीत खुल्या प्रवर्गाला 50 आणि राखीवला 40 टक्क्यांची अट तेवढी आहे.

गणित सोडवताना तुला जेवणाची आठवण राहत नसेल, तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि चारही विषय घे.

अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही उतरवून घे, सुरुवातीचे धडे स्वतः वाच, मगच फॉर्म भर. बाबांशी मी बोलतो.

तुझा,
मामा