रेघ मिटली का, ते आधी बघ

अगं, स्क्रीनवर कंटूर उमटला की लगेच त्याचं क्षेत्रफळ काढायला धावू नकोस. आधी रेघ मिटली आहे का बघ. जिथून निघाली तिथंच परत आली ना? मध्ये कुठं स्वतःलाच छेदून तर गेली नाही? एवढं कळल्याशिवाय संगणकानं दिलेला आकडा वहीत उतरवायचा नाही. तू उपग्रहाच्या चित्रांत कंटूर शोधतेस, मी नोकरीभर डंपी लेव्हल घेऊन डोंगरउतारांवर शोधले. तुझ्याकडे सारख्या उजेडाचे बिंदू, माझ्याकडे सारख्या उंचीचे. दोघांचं काम तेच, काठानं फिरून आतलं ओळखायचं. गाभाऱ्यात पाऊल न टाकता घातलेली प्रदक्षिणाच म्हण ना.

आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये यासाठी प्लॅनिमीटर असायचा. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलरनं 1854 मध्ये काढलेलं यंत्र. एकमेकांना जोडलेले दोन दांडे, एकाच्या टोकाची सुई कागदावर पक्की बसवलेली, दुसऱ्याचं टोक रेघेवरून फिरवायचं, आणि त्याच दांड्यावर खुणा कोरलेलं एक बारीक चाक. धरणाच्या नकाशावर एखादा कंटूर घ्यायचा, त्यावर पेन्सिलीनं निघण्याची खूण करायची, चाकावरचा आकडा टिपायचा आणि घड्याळाच्या दिशेनं सावकाश निघायचं. चाक थोडं फिरतं, मग नुसतंच घसरतं, एखाद्या वळणावर चक्क उलटं फिरतं. फिरून खुणेवर आलं की पुन्हा आकडा वाचायचा. दोन्हींतला फरक गुणिले यंत्राचा गुणक, झालं क्षेत्रफळ. नव्या माणसाला हे पटायचंच नाही. तो आपला ग्राफ पेपर लावून चौकोन मोजून बघायचा. मोजू द्यावेत. एकदा जुळलं की आयुष्यभर विश्वास बसतो.

या चाकामागचं गणित जॉर्ज ग्रीनच्या नावाचं. त्याचा मूळ निबंध 1828 चा. तुझ्या ओपनसीव्ही या सॉफ्टवेअरात क्षेत्रफळाचं जे फंक्शन आहे तेही ग्रीनचंच सूत्र वापरतं. म्हणून चाकाच्या खोडी कोडमध्येही आल्या आहेत. रेघ उलट्या दिशेनं चाललीस तर उत्तर ऋण येतं. ओपनसीव्ही ते चिन्ह गुपचूप पुसून देतं, दिशा हवी असेल तर मुद्दाम मागावी लागते. इंग्रजी आठासारखी रेघ स्वतःला छेदून गेली तर एका पाकळीतून दुसरी वजा होते आणि उत्तर येतं हास्यास्पद. यंत्र तक्रार करत नाही, कोडही करत नाही. डोळ्यांनीच बघायचं.

आमच्या यंत्राला आणखी एक पथ्य होतं. सुई शक्यतो आकृतीच्या बाहेर ठेवायची. ती आत बसवली तर उत्तरात एक ठरावीक आकडा मिळवावा लागतो, आणि घाईत नेमका तोच राहतो. आकृती मोठी असेल तर सरळ तिचे तुकडे करायचे.

आता तुझ्या पिक्सेलचं. शेततळं घे, तीस मीटर बाय तीस मीटर, आपल्याकडे सर्रास दिसणारं. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात एक पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे नऊ पिक्सेल, 900 चौरस मीटर. कंटूर काढून क्षेत्रफळ विचार. उत्तर येईल चार पिक्सेल, 400 चौरस मीटर! निम्म्याहून जास्त तळं आटलं, तेही पावसाळ्यात. चूक कुणाचीच नाही. रेघ काठाच्या पिक्सेलच्या मध्यातून जाते, त्यामुळे चारही बाजूंनी अर्धा अर्धा पिक्सेल बाहेर पडतो. गेओर्ग पिकचं 1899 चं सूत्र लावून बघ: आतले बिंदू, अधिक काठावरच्यांचे निम्मे, उणे एक. एक अधिक चार उणे एक, चारच. एकट्या पिक्सेलचं क्षेत्रफळ तर शून्य येतं. तळं खऱ्या जमिनीवर पिक्सेलच्या चौकटीत इतकं नेमकं बसत नाही हे मलाही कळतं, पण धडा तोच. लहान वस्तूंचे पिक्सेल मोज, कंटूर फक्त आकार ओळखण्यापुरता ठेव. धरणाएवढं पाणी असलं की काठाचा हा घाटा एकूण क्षेत्रापुढे किरकोळ ठरतो, तरी काठ फार दातेरी असेल तर दोन्ही आकडे काढून ताडून बघावेत.

आणि बेटं विसरू नकोस. तुमचं कंटूर शोधणारं फंक्शन ज्या पद्धतीवर चालतं ती सुझुकी आणि आबे यांनी 1985 मध्ये मांडली. त्यात बाहेरचा काठ वेगळा आणि भोकाचा काठ वेगळा ओळखला जातो, कोण कुणाच्या पोटात आहे तेही कळतं. पण घाईत फक्त बाहेरचे कंटूर मागितलेस तर जलाशयातली सगळी टेकाडं पाण्यात जमा. आणि बेटं वजा केलीस तरी भोकाची रेघही पाण्याच्या पिक्सेलांवरूनच जाते, त्यामुळे ते बेट असतं त्याहून मोठं मोजलं जातं आणि पाणी पुन्हा कमी भरतं.

लांबीच्या मात्र नादी लागू नकोस. क्षेत्रफळ बारीक मोजत गेलं की एका आकड्यापाशी येऊन थांबतं, काठाची लांबी वाढतच जाते. मँडेलब्रोनं 1967 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच विचारलं होतं. जलाशयाच्या काठाची लांबी कुणी मागितलीच, तर कोणत्या मापानं मोजली तेही शेजारी लिहून दे.

धरणात तर निसर्गच कंटूर काढून देतो. पाण्याचा काठ म्हणजे त्या दिवसाच्या पातळीचा कंटूर. जायकवाडीची पातळी 1522 फूट झाली म्हणजे नाथसागर भरला, हे पेपर वाचणारा कुणीही सांगेल. पुढे पाणी उतरत जातं तसे एकाखाली एक कंटूर उघडे पडतात. प्रत्येकाचं क्षेत्रफळ उपग्रहाच्या चित्रातून काढायचं आणि धरण बांधतानाच्या तक्त्याशी ताडायचं. क्षेत्र घटलं असेल तर तेवढा गाळ बसला. दोन कंटूरमधलं पाणी काढताना दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी गुणिले मधली उंची असा हिशेब सगळे करतात. मी मात्र दोन्ही क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, तिन्हींची बेरीज भागिले तीन, असं घेतो. दरी वर रुंदावत जाते तिथं साधी सरासरी बहुधा किंचित उदार असते.

इथं पाळायच्या गोष्टी आहेत. पातळी आणि चित्र एकाच दिवसाचं हवं. ढगाची सावली पाण्यासारखी काळी दिसते. जलपर्णी माजली असेल तर पाणी हिरव्या रानासारखं दिसतं आणि कंटूर काठ सोडून आत शिरतो. वरच्या अंगाला नदी जलाशयाला मिळते तिथं रेघ नदीतून वर पळत जाते, ती कुठं तोडायची हे तक्त्याच्या पातळीवरून ठरव, डोळ्याला बरं दिसतं तिथं नाही. आणि पाणी ज्या पातळीच्या खाली कधी उतरलंच नाही, तिथला गाळ असा कळत नाही. त्यासाठी नाव आणि इको साउंडर.

प्रत्येक कंटूर मिटायलाच हवा असं नाही, हेही सांगून ठेवतो. डोंगरावरचा सलग समतल चर उघडाच असतो. पण त्याची पातळी चुकली तर पाणी खोलगट जागी जमून बांध तिथंच फोडतं. गावकरी ए-फ्रेमनं खुणा करत असतील तर ती फ्रेम आधी उलटसुलट ठेवून तपासायची: एकाच जागी पाय अदलाबदल करून ओळंब्याच्या दोन खुणा घ्यायच्या, त्यांचा मध्य म्हणजे समतल. फ्रेम वाकडी असली तरी मध्य खरा येतो.

कॉलेजात कोशीचं प्रमेय पाठ केलंस, ते याच घराण्यातलं. बंद वाटेनं फेरी मारायची आणि फलन जिथं अनंताकडे पळतं असे आतले बिंदू काय आहेत ते ओळखायचं. वाट खुद्द त्या बिंदूवरून न्यायची नाही. हॅरी नायक्विस्टनं 1932 मध्ये तेच प्रवर्धकांना लावलं: वक्र, आजच्या रिवाजानं, उणे एक या बिंदूभोवती किती वेढे घालतो ते मोजलं की फीडबॅक असलेली यंत्रणा टिकेल की बिथरेल ते कळतं. वेढ्याची दिशा चुकली की निकालही उलटा.

मला यातलं सगळ्यांत आवडतं ते भेगेचं. पोलादाच्या भेगेच्या टोकाशी ताण, निदान कागदावर, अनंत होतो. तिथं संगणकाच्या हिशेबात कितीही बारीक जाळी घातलीस तरी त्या टोकाचा आकडा धड येत नाही. जेम्स राइसनं 1968 मध्ये दाखवलं की टोकापाशी जाऊच नका, भेगेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत टोकाला वळसा घालून वाट काढा. ती जवळून काढा की लांबून, उत्तर तेच. त्याला जे-इंटिग्रल म्हणतात. टोकाभोवती चार-पाच कंटूर घे. टोकाला चिकटलेला पहिला सोडून दे, तिथं जाळीचा दोष शिरलेला असतो. पुढचे एकमेकांशी जुळले तर आकडा लिही. नाही जुळले, तर वाट दुसऱ्या धातूत शिरली आहे का, भेगेच्या काठांवर दाब पडतोय का, की भार देऊन पुन्हा काढून घेतलाय, ते बघ. यातलं काही असेल तर वाटेवर उत्तर अवलंबून राहणारच, जाळी आणखी बारीक करून काही फरक पडणार नाही.